ओढ्यापलीकडची खोली

दार वाजलं तेव्हा व्होनेटाच्या एका खांद्यावर बाळ होतं आणि दुसऱ्यावर बाळाने नुकतंच काढलेलं दूध. बाळाची पाठ थोपटत ती दाराशी पोचायच्या आत तिच्या आईने, अर्नेस्टीनने, दार उघडलंही होतं. पायात सपाता, हातात पुसता पुसता राहिलेली बशी, आणि तोंडावर खास पाहुण्यांसाठी राखून ठेवलेलं हसू.

जाळीच्या दाराबाहेर खाकी शर्टातला एक माणूस उभा होता. शर्टाच्या खिशावर पिवळ्या दोऱ्याने ‘वेल्डन टेरेस’ असं गावाचं नाव शिवलेलं, हातात क्लिपबोर्ड.

“मी स्टेगमन. टाउन हॉलकडून आलोय. तुमच्या पन्हळीचा एक तुकडा लोंबतोय.”

“बघितलाय आम्ही,” अर्नेस्टीन म्हणाली. “जावई रविवारी शिडी आणणार आहे.”

“बरं. म्हणजे तुम्ही इथेच राहता?”

व्होनेटाला कुठेतरी टोचलं, पण काय टोचलं हे कळेपर्यंत उशीर झाला होता. तिच्या आईला कुणी काही विचारावं आणि तिने ते अर्धंमुर्धं सांगावं, असं आजवर झालं नव्हतं.

“राहते म्हणजे? तीन आठवडे झाले. मागची खोली माझी. खिडकीखाली खाट टाकलीये, सकाळचं ऊन थेट तोंडावर येतं. आणि ही माझी नात, ऑडेट. सात आठवड्यांची आहे. बघा कशी टुकूटुकू बघतेय.”

स्टेगमनने ऑडेटकडे बघितलं. मग क्लिपबोर्डावरचं पान उलटलं.

“या घराच्या राहण्याच्या परवान्यावर दोन नावं आहेत. डेस्मंड गेन्स, व्होनेटा गेन्स. मला इथे तीन माणसं दिसतायत. नवरा धरला तर चार.”

“तिसरी सात आठवड्यांची आहे,” व्होनेटा म्हणाली.

“तीही मोजावी लागते, मॅडम.”

त्याने उभ्या उभ्या लिहिलं. लिहिताना तो जाळीतून आत बघत होता, अर्नेस्टीनच्या सपातांकडे, सोफ्यावर घडी करून ठेवलेल्या लंगोटांकडे, हॉलच्या कोपऱ्यातल्या पाळण्याकडे. मग कागद फाडून त्याने दाराच्या फटीतून आत सरकवला. परवान्यात नाव नसलेल्या व्यक्ती, दोन. दहा दिवसांत नावं तरी घालून घ्यायची, नाहीतर त्या व्यक्तींनी घर सोडायचं. दहाव्या दिवशी संध्याकाळी सहाला टाउन हॉलच्या व्यायामशाळेत सुनावणी.

“आणि ती पन्हळ बघा तेवढी,” जाता जाता तो म्हणाला.

*

हा परवाना व्होनेटाने स्वतः जाऊन काढला होता. फेब्रुवारीत घर घेतलं तेव्हा. इथे घर नुसतं विकत घेऊन भागत नाही. त्या घरात कोणकोण झोपणार ते टाउन हॉलात नावानिशी लिहून द्यावं लागतं. तेव्हा ती सात महिन्यांच्या पोटाने खिडकीशी उभी होती आणि तिने हसत विचारलं होतं, “अडीच लिहू का?” आतली बाईपण हसली होती.

गावाचं नाव तिने त्या दिवशी पहिल्यांदा नीट वाचलं. सगळं आयुष्य ती सेंट लुईसच्या उत्तर भागात राहिली होती, आणि आता हे घरही सेंट लुईसमध्येच आहे असं घर दाखवणारी बाई म्हणाली होती. चुकीचंही नव्हतं ते. येणाऱ्या प्रत्येक पत्रावर सेंट लुईसच लिहिलेलं असतं. पण शहराची हद्द मैलभर मागेच संपली होती, आणि तिच्या पुढे फोडणीतली मोहरी उडावी तशी विखुरलेली ही गावं. एकेकाला सहा रस्ते, एक पोलीसगाडी, आणि स्वतःचा महापौर. फेब्रुवारीच्या शेवटी बर्फ पडला तेव्हा रस्ता साफ करायला कुणी येईना म्हणून तिने शहराच्या नंबरावर फोन लावला, तर पलीकडची बाई पत्ता ऐकून म्हणाली, “तुम्ही आमच्या नाही हो.” व्होनेटा चौतीस वर्षं त्यांची होती. घर बदलायला एक शनिवार लागला होता.

त्या दिवशी तिला नुसतं वाईट वाटलं होतं. आज राग आला.

कारण जुलैच्या पहिल्या सोमवारी तिला कामावर परतायचं होतं. डायलिसिस सेंटरमध्ये पहाटे पाचची पाळी. डेस्मंड शहराच्या बसवर ड्रायव्हर, त्याची गाडी साडेचारला डेपोतून निघते. ऑडेटला सांभाळायला मम्मा होती म्हणून हे सगळं जमत होतं. आणि मम्माला इथे जागा होती म्हणून मम्माचंही जमत होतं. ती ज्या इमारतीत बावीस वर्षं राहिली ती मालकाने विकली होती आणि महिन्याभरात सगळ्यांना बाहेर काढलं होतं. उरला होता केप जिरार्डोचा मामा, दोन तासांवर, त्याच्याकडे एक सोफा आणि तीन कुत्री.

*

टाउन हॉल म्हणजे नखं रंगवायच्या दुकानाशेजारचे दोन गाळे, आणि त्यांना मागून चिकटलेली एका जुन्या शाळेची व्यायामशाळा. खिडकीच्या काचेमागे तीच बाई होती, श्रीमती व्होग्ट, पांढऱ्या केसांचा घट्ट टोप घातल्यासारखी. तिने नोटीस वाचली आणि चष्म्यावरून बघितलं.

“तू कुठल्या हायस्कूलची गं?”

सेंट लुईसमध्ये ओळख झाली की पहिल्यांदा हेच विचारतात. उत्तरावरून समोरच्याला कळतं की तुम्ही कुठल्या भागातले, कुठल्या चर्चचे, घरात किती पैसा होता. व्होनेटाने शाळेचं नाव सांगितलं. श्रीमती व्होग्टने “अच्छा” म्हटलं, आणि त्या अच्छाने सगळं आपापल्या कप्प्यात बसलं.

“बाळाचं नाव घालायला काही अडचण नाही. जन्माचा दाखला आण, मी लगेच लिहिते. आईचं मात्र बघावं लागेल.” तिने एक जाड फाइल काढली, घराचा नकाशा उलगडला. “मागची खोली सहासष्ट चौरस फूट. मोठ्या माणसाला झोपायला सत्तर लागतात.”

“चार फूट?”

“चार चौरस फूट.”

“मग ती आमच्या खोलीत झोपेल.”

“त्या खोलीत तुम्ही दोघं आणि बाळ. तीनच्या वर नाही चालत.”

“हॉलमध्ये. सोफ्यावर.”

“हॉल झोपण्याची खोली नाही.”

“बाथटबमध्ये झोपली तर?”

“हे बघ, मी नियम केलेले नाहीत.”

“पण बघताय तुम्हीच! चार फुटांसाठी माझी आई बाहेर काढणार तुम्ही? आणि माझी मुलगी काय? ती माझ्या पोटातून आलीये, तुमच्या फाइलीतून नाही. तिला घरात राहायला मी तुमची परवानगी काढायची?”

मागे पन्हळीच्या नोटिशीचाच कागद घेऊन उभा असलेला एक म्हातारा म्हणाला, “सांगा तिला. मला मागच्या वर्षी पडद्यांच्या रंगावरून आलं होतं.”

“गप्प बस, एल्मर,” श्रीमती व्होग्ट त्याच्याकडे न बघताच म्हणाली, आणि व्होनेटाकडे वळून आवाज खाली आणला. “आवाज चढवून काही होत नाही, बाळ. सुनावणीला ये.”

पार्किंगमध्ये गाडीत बसल्यावर व्होनेटाच्या लक्षात आलं की तिच्या छातीतून दूध गळून ब्लाउज भिजलाय. घड्याळात ऑडेटच्या दुधाची वेळ होऊन वीस मिनिटं झाली होती. तिने स्टीअरिंगवर दोन्ही मुठी आपटल्या. एकदा, मग परत.

*

घरी आली तर मागच्या खोलीत खाटेवर बॅग उघडी होती.

“मम्मा, हे काय?”

“काही नाही. हिवाळ्याचे कपडे मी आणलेच नव्हते नाहीतरी.” अर्नेस्टीन स्वेटर घड्या करत होती, बाह्या आत, मग गळा आत, तशीच जशी ती आयुष्यभर करत आली होती. “क्लाइडला फोन केलाय. शनिवारी येतो म्हणाला न्यायला.”

“तू केप जिरार्डोला जाणार? त्या कुत्र्यांमध्ये?”

“कुत्री बरी. कागद मागत नाहीत.”

“मी पुढच्या महिन्यात कामावर जाणार आहे. ऑडेटला कुणाकडे ठेवू?”

“मी रागावून नाही चालले गं. तुझ्यावर काही येऊ नये म्हणून चाललेय.”

“आलंय ते! आधीच आलंय!”

अर्नेस्टीन खाटेच्या कडेवर बसली. मग हळू आवाजात बोलली. “मी आठ वर्षांची होते. आमच्या गल्लीत असाच एकजण आला होता, हातात फळी आणि तिच्यावर कागद. घरोघरी विचारत होता, किती माणसं, किती खोल्या. आई फार आदराने बोलली त्याच्याशी, लिंबूपाणी दिलं. तीन महिन्यांनी सगळ्यांना हलवलं, बुलडोझर आला, पूर्ण गल्ली नव्हती. मी परवा त्याला तसंच बोलले, बघ. हसून. आपणहून सगळं सांगितलं. खिडकीतलं ऊनसुद्धा.”

व्होनेटाला तिच्या शेजारी बसून तिचा हात धरायचा होता. पण तोंडातून दुसरंच आलं.

“तेव्हा तुझी आई गेली म्हणून आता तूही जाणार? आणि तीस वर्षांनी ऑडेट कुठेतरी स्वेटर घडी करत बसेल?”

अर्नेस्टीनने तिच्याकडे असं बघितलं, की व्होनेटाच्या गालावर न मारलेली थप्पड बसली. मग तिने बॅगेची चेन ओढली.

“दूध पाज तिला. ओरडतेय कधीची.”

*

मागच्या अंगणाच्या कुंपणापलीकडे मिस्टर लॉनी ट्रॉटर राहत. ऐंशी पार केलेले, अजून स्वतःच्या टोमॅटोंना स्वतः काठ्या बांधणारे. अर्नेस्टीनचं आणि त्यांचं आल्या दिवसापासून टोमॅटोवरून वाजत होतं.

व्होनेटा ऑडेटला कडेवर घेऊन अंगणात येरझाऱ्या घालत होती आणि मोठमोठ्याने डेस्मंडशी फोनवर बोलत होती. तिने फोन ठेवला तसे कुंपणापलीकडून मिस्टर लॉनी म्हणाले, “पोरी, तुझं सगळं ऐकलं मी. न ऐकून काय करू, अख्ख्या गल्लीने ऐकलं.”

“माफ करा.”

“माफी काय मागतेस. आमच्याकडे ये राहायला. आम्ही माणसं मोजत नाही.”

“तुमच्याकडे म्हणजे?”

“हे अल्डर ग्रोव्ह. कुंपणापलीकडे, म्हणजे तुझ्या बाजूला, वेल्डन टेरेस. आमच्या गावात गवत किती वाढलंय ते बघतात, पुढच्या अंगणात कोळशाची शेगडी लावली तर पोलीस येतो. पण स्वतःच्या घरात किती माणसं झोपतात ते विचारत नाहीत. तो परवाना आमच्याकडे नुसता भाडेकरूंना.”

“एका कुंपणामागे एवढा फरक?”

“कुंपण?” मिस्टर लॉनींनी नाक मुरडलं. “कुंपण कुणी सांगितलं? हद्द कुंपण नाहीच. हद्द ओढा आहे.”

“कुठला ओढा?”

“तू उभी आहेस त्याच्या आसपास.” त्यांनी हातातल्या काठीने तिच्या पायांखाली, मग घराकडे, मग पलीकडच्या रस्त्याकडे तिरपी रेघ ओढली. “बासष्ट साली पाइपात घातला. मीच खाली उतरलेला होतो. सहा फुटी पाइप, एकेक तुकडा दोरखंडाने. आधी पाइप, नंतर ही घरं. बिल्डरने वरून मातीचे ट्रक ओतले आणि घरं ठोकली, खाली काय आहे ते विचारायला कुणी आलं नाही. दोन गावं ओढ्याच्या दोन काठांवर होती. ओढा दिसेनासा झाला, मग लोकांना वाटलं कुंपणच हद्द.”

व्होनेटाने कडेवरचं बाळ दुसऱ्या बाजूला घेतलं. “मिस्टर लॉनी, ओढा नक्की कुठून जातो?”

म्हाताऱ्याच्या डोळ्यांत एकदम तरणा मजूर आला. “दोन मॅनहोल आहेत. एक तुझ्या अंगणाशेजारच्या गल्लीत, दुसरं पुढे आडव्या रस्त्यावर. पाइप त्यांच्या मधून सरळ गेलाय. त्याला कुठेही वाकवलेलं नाही, मी सांगतो ना. तुझ्या घरात दोरी आहे का?”

दुसऱ्या दिवशी सकाळी डेस्मंडची सुट्टी होती. त्याने कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी आणि आणखी तीन गुंडाळ्या आणल्या, एकमेकींना बांधल्या. गल्लीतल्या मॅनहोलच्या झाकणापाशी मिस्टर लॉनी एक टोक धरून स्टुलावर बसले. डेस्मंड दुसरं टोक घेऊन निघाला. अंगण ओलांडून, मागच्या खोलीच्या खिडकीतून आत, खोलीच्या दारातून स्वयंपाकघरात, तिथून बाजूच्या दाराने बाहेर, शेजाऱ्यांच्या गुलाबांवरून, आडव्या रस्त्यावरच्या झाकणापर्यंत. मग त्याने खेचली.

दोरी ताणली गेली. खिडकीच्या दाराकडच्या चौकटीला घासत तिने जागा धरली, खोलीच्या दाराच्या उंबऱ्यापाशी एक कोपरा कापला, आणि स्वयंपाकघर तिरपं तोडून, फ्रिजच्या कडेने, बाहेर निघून गेली.

अर्नेस्टीन स्वयंपाकघरात बटर केक भाजत होती. दोरी तिच्या कमरेला लागली.

“हे काय चाललंय माझ्या किचनमध्ये?”

“मम्मा, हलू नकोस,” व्होनेटा म्हणाली. ती खोलीच्या दारात उभी होती. दोरीच्या अलीकडे उंबरा आणि हाताएवढा तिकोना तुकडा. पलीकडे खिडकी, भिंत, खाट. खाटेवर बंद केलेली बॅग.

“तुझी खाट अल्डर ग्रोव्हमध्ये आहे.”

“आणि शेगडी?”

“वेल्डन टेरेसमध्ये.”

अर्नेस्टीनने दोरीकडे बघितलं, मग ओव्हनकडे. “म्हणजे इतके दिवस मी रोज झोपायला परगावी जात होते? आणि कुणी मला डबा बांधून दिला नाही?” डेस्मंड बाहेरून खो खो हसला. अर्नेस्टीन हसली नाही. तिने ओव्हनचं दार धाडकन लावलं. व्होनेटाने ते पाहिलं, आणि तिला पहिल्यांदा कळलं की आपला राग कुणाकडून आलाय.

*

दोरी कोर्टात चालत नाही म्हणून व्होनेटा काउंटीच्या नकाशांच्या कचेरीत गेली. ऑडेटला छातीशी झोळीत बांधून, कारण आता ती तिला कुणाच्याही ताब्यात क्षणभर द्यायला तयार नव्हती. काउंटरमागच्या तरुण मुलीने संगणकावर घर शोधलं, मोठं केलं, आणखी मोठं केलं, आणि तोंडावर हात ठेवला.

“अय्या, हे तर दोन गावांत आहे.”

“माहितेय. छापून द्या. शिक्का मारून.”

नकाशावर हद्द ‘ओढ्याच्या मध्यरेषेने’ लिहिलेली होती. एकोणीसशे सदतीस सालचं वाक्य. ओढा नव्हता, पण वाक्य होतं.

त्या रात्री व्होनेटाने नकाशा फ्रिजवर चिकटवला. अर्नेस्टीन तो बराच वेळ बघत उभी राहिली. शनिवारी क्लाइडमामाला फोन करून तिने सांगितलं, दोन दिवस थांब. बॅग मात्र तिने उघडली नाही.

*

व्यायामशाळेत बास्केटबॉलच्या जाळीखाली टेबल मांडलेलं होतं. टेबलामागे न्यायाधीश, एक जाडसर थकलेला गृहस्थ; बाजूला सरकारी वकील, श्री. क्रेल, चकचकीत बूट. समोर लोखंडी घडीच्या खुर्च्यांवर साठ-सत्तर माणसं. बहुतेक सगळी व्होनेटासारखीच काळी. कुणाचा दिवा बंद, कुणाचं गवत उंच, कुणाकडे परवानगीपेक्षा एक भाचा जास्त. उजेड अजून खिडक्यांतून भरभरून येत होता आणि पंखा एकच होता.

मिस्टर लॉनी व्होनेटाच्या कानात म्हणाले, “तो क्रेल बघितलास? तो आमच्याकडे दर गुरुवारी न्यायाधीश असतो.”

“काय?”

“इथे वकील, तिथे न्यायाधीश. इथला न्यायाधीश आणखी तिसऱ्या गावात वकील. सगळे एकमेकांच्या ताटात जेवतात.”

नाव पुकारलं गेलं. व्होनेटा उठली, ऑडेट झोळीत झोपलेली होती. अर्नेस्टीन तिच्यामागे आली. तिला नको म्हटलं होतं, पण ती आली. रविवारच्या चर्चची टोपी घालून.

क्रेलने वाचून दाखवलं. परवान्याबाहेरच्या व्यक्ती, दोन. सहासष्ट चौरस फुटांच्या खोलीत मोठी व्यक्ती, एक.

“काही म्हणायचंय?” न्यायाधीशांनी विचारलं.

“हो.” तिने नकाशा टेबलावर ठेवला. त्यावर तळहात ठेवला. “ती खोली तुमच्या गावात नाही.”

खुर्च्यांतून कुजबुज झाली. न्यायाधीशांनी नकाशा ओढून घेतला, चष्मा बदलला, जवळ धरला, लांब धरला. मग स्टेगमनला बोलावलं. स्टेगमन भिंतीशी उभा होता. त्याने नकाशा पाहिला आणि मानेमागे हात नेला.

“मला वाटलं कुंपणापर्यंत.”

“चौदा वर्षं तू त्या गल्लीत नोटिसा देतोयस,” मागून एल्मर ओरडला, “चौदा वर्षं!”

“एल्मर!” श्रीमती व्होग्ट व्यायामशाळेत उघडणाऱ्या आपल्या खिडकीतून.

न्यायाधीश क्रेलकडे वळले. “बाईंची खाट अल्डर ग्रोव्हमध्ये आहे असं दिसतंय. तिथले नियम तुम्हाला माहीत असतील. गुरुवारी तुम्हीच तिथे बसता ना?”

क्रेलने टाय सरळ केला. सगळी व्यायामशाळा त्याच्याकडे बघत होती. आपल्याच दुसऱ्या खुर्चीने त्याला धरलं होतं.

“तिथे,” तो म्हणाला, आणि खोकला. “तिथे मालकाच्या राहत्या घराला असा नियम नाही, युवर ऑनर.”

“मग या बाईंबद्दलची तक्रार रद्द.”

टाळ्या वाजल्या. कुणीतरी शिट्टी मारली. पण व्होनेटाला बरं वाटलं नाही. आठवडाभर तिच्या आईने बॅग भरून ठेवली होती, आणि हे सगळं दीड मिनिटात एका माणसाच्या “मला वाटलं”वर संपलं होतं. कुणी माफी मागितली नाही. न्यायाधीश आधीच पुढचा कागद शोधत होते.

“बाळ राहिलं,” क्रेल म्हणाला. “पाळणा हॉलमध्ये आहे. तो भाग आपलाच आहे.”

“हो, हो. बाळाचं नाव खिडकीवर जाऊन घालून घ्या,” न्यायाधीश न बघताच म्हणाले. “एक मिनिटाचं काम. दंड नाही. पुढचे?”

खिडकीवर श्रीमती व्होग्टने फॉर्म तयारच ठेवला होता. तिने पेन काचेखालून पुढे सरकवलं आणि ऑडेटकडे बघून खरंच मायेने म्हणाली, “काय गोड आहे गं. घाल नाव. म्हणजे ती आता आमचीच झाली.”

व्होनेटाने पेन उचललं. खरोखरच एक मिनिटाचं काम होतं. नाव, जन्मतारीख, सही. झोळीत ऑडेटचा श्वास तिच्या छातीवर ऊबदार ओला लागत होता.

“लिही गं,” अर्नेस्टीन मागून म्हणाली. “नाव लिहिल्याने पोर त्यांची होत नाही. लिही आणि चल, भूक लागलीये मला.”

“नाही लिहीत.”

“व्होनेटा.”

“नाही. तू आदराने बोललीस, तुझी आई आदराने बोलली. मी नाही बोलणार.” तिने पेन काचेखालून परत ढकललं. ते श्रीमती व्होग्टच्या मांडीवर पडलं. “माझी मुलगी तुमच्या गावात राहत नाही.”

“अगं पण पाळणा...”

“पाळणा हलवीन.”

गाडीत अर्नेस्टीनने पट्टा लावला. अर्ध्या वाटेत टोपी काढून मांडीवर घेतली. “उद्या तो खाकीवाला परत येईल.”

“येऊ दे.”

“तुझ्या बापासारखी आहेस. हट्टी.”

“बापाने मला लिंबूपाणी करायला शिकवलं नव्हतं.”

अर्नेस्टीनने तोंड खिडकीकडे वळवलं. मग तिचे खांदे हलायला लागले. व्होनेटाला आधी वाटलं रडतेय.

*

पाळणा डेस्मंडने उचलून आणला, पण मागची खोली सहासष्ट चौरस फुटांची होती, हे खोटं नव्हतं. खाट खिडकीच्या भिंतीला पार चिकटवली तरी पाळण्याचे तीन पाय आत बसले आणि चौथा दारापाशी त्या तिकोन्या तुकड्यावर राहिला. दोरी जिथून गेली होती तिथे उंबऱ्याच्या लाकडावर डेस्मंडने आधीच पेन्सिलीने हद्दीची खूण केली होती.

“तीन पाय अल्डर ग्रोव्ह, एक पाय वेल्डन टेरेस,” तो म्हणाला. “तेवढं चालेल. कोण बघायला येतंय?”

“तोच येईल,” व्होनेटा म्हणाली. “टेप घेऊन येईल. बॅग काढ ती खाटेखालून.”

बॅग काढली. तिच्यातले स्वेटर अर्नेस्टीनने बाहेर काढले आणि एकेक करून कपाटाच्या वरच्या फळीत ठेवले. रिकामी बॅग माळ्यावर गेली. खाट आणखी चार बोटं सरकली. अर्नेस्टीन खाटेवर चढून बसली, पाय वर घेऊन, कारण खाली पाय ठेवायला जागाच उरली नव्हती. ऑडेट तिच्या मांडीवर जागी झाली होती आणि मुठी हलवत होती.

“आता इथे दार लागणार नाही,” डेस्मंड म्हणाला.

“नको लागू दे.”

व्होनेटाने पाळण्याच्या कडेला कंबर लावली आणि जोर दिला. लाकूड करकरलं. तिच्या कपाळावर घाम आला, दातांत केस आला, आणि दहा दिवस तिच्या अंगात साठलेलं सगळं एकाच जागी येऊन ढकलायला लागलं. पाय इंचभर सरकला. पेन्सिलीची खूण अजून त्याच्या पुढेच होती.

“अजून एक बोट,” अर्नेस्टीन वाकून बघत म्हणाली. “ढकल.”